नाव गाळलेली शपथ

कोर्टात त्यांना सगळे शपथकाका म्हणत. हुद्दा बेंच क्लार्कचा. न्यायाधीशांच्या आसनापासून एक पायरी खाली त्यांचं टेबल होतं. टेबलावर त्या दिवसाच्या फायली, शाईचा पॅड, तीन शिक्के, आणि काचेखाली पिवळा पडलेला एक कागद. त्या कागदावर दोन मजकूर छापलेले होते. पहिला, 'ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेतो की' असा सुरू होणारा. दुसरा, ज्याला देवाचं नाव घ्यायचं नसेल त्याच्यासाठी, 'प्रतिज्ञेवर सांगतो की' असा. पुढचं दोन्हींत एकच: खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, काही लपवून ठेवणार नाही.

नियमाप्रमाणे साक्षीदाराला विचारायचं असतं, बाबा, यातली कुठली घेणार? पण दुसरी मागणारा वर्षाकाठी एखादाच निघायचा, त्यामुळे विचारण्याची रीत काका नोकरीला लागले तेव्हाच बंद पडली होती. साक्षीदार पिंजऱ्यात चढला की काका उठायचे, कागदाकडे न बघता पहिली शपथ म्हणायचे, साक्षीदार त्यांच्या मागून म्हणायचा. मग साक्षीच्या छापील कागदावर 'ईश्वरसाक्ष शपथ दिली' या ओळीपुढे काकांची सही पडायची. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. काकांचा आवाज भरदार होता आणि तो आपल्याला शोभतो हे त्यांना ठाऊक होतं. एक वकील तर नेहमी म्हणायचे, "काकांनी शपथ दिली की खोटं बोलणाऱ्याची जीभसुद्धा अडखळते. बोलतो तो खोटंच, पण अडखळतो."

काकांची थोरली बहीण, ताई, शाळेतून निवृत्त झालेली. दर शुक्रवारी संध्याकाळी तिच्या बैठकीच्या खोलीत पंधरा-वीस माणसं जमायची. त्यांचा पंथ लहान, फारसा कोणाला माहीत नसलेला. मूर्ती नाही, तसबीर नाही. ताई थोडं वाचायची, थोडं बोलायची, मग सगळे गप्प बसायचे आणि शेवटी चहा पिऊन घरी जायचे. काकांचा त्याच्याशी तसा काही संबंध नव्हता. ताईचे गुडघे धरले, खुर्च्या मांडायला माणूस हवा म्हणून ते जायला लागले. खुर्च्या मांडून लगेच निघणं बरं दिसत नाही म्हणून बसायला लागले. आणि बसता बसता, तीनेक वर्षांत, त्यांना ते पटायला लागलं. कधी पटलं, कोणत्या शुक्रवारी, हे त्यांना सांगता आलं नसतं.

एका शुक्रवारी ताई म्हणाली, "देवाचं नाव हाक मारण्यासाठी असतं. साक्षीला उभं करण्यासाठी नाही. तो काय आपला साक्षीदार आहे, समन्स धाडलं की हजर व्हायला?"

सगळे काकांकडे बघून हसले. काकाही हसले. घरी येताना मात्र ते हसू वाटेत कुठंतरी गळून पडलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एका सुताराची साक्ष होती. त्याच्या मुलावर मारामारीची केस. सुतारानं शपथ घेतली आणि सांगितलं की मुलगा त्या वेळी माझ्यासोबत घरीच होता. खोटं होतं. कोर्टात बसलेल्या प्रत्येकाला ते कळत होतं, मुलाच्या वकिलाला तर सगळ्यांच्या आधी. मधल्या सुट्टीत काका मागच्या व्हरांड्यात पाणी प्यायला गेले, तर सुतार नळावर चुळा भरत उभा. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

"काय हो, बरं वाटत नाही का?" काकांनी विचारलं.

सुतारानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "एक विचारू? ते नाव तुम्हाला जरा हळू घेता आलं नसतं का?"

"हळू म्हणजे?"

"मला ऐकू आलं नसतं. मग मागून म्हणावं लागलं नसतं. खोटं तर मी बोलणारच होतो, पोटचा पोर आहे. पण नाव घेऊन बोललो." आणि त्यानं परत नळ सोडला.

काका टेबलाशी येऊन बसले. दुपारच्या पहिल्या साक्षीदाराला शपथ देताना त्यांचा आवाज आपोआप उतरला. दुसऱ्या दिवशी आणखी उतरला. पुढच्या आठवड्यात 'ईश्वराला साक्षी ठेवून' हे शब्द ते नुसते ओठांत पुटपुटायला लागले, आणि महिन्याभरात ते शब्द ओठांतूनही गेले. काका उठायचे, म्हणायचे, "म्हणा, खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, काही लपवून ठेवणार नाही." साक्षीदार म्हणायचा. संपलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या अर्ध्या मिनिटात न्यायाधीश मॅडम फायलीत मागची तारीख शोधत असायच्या, वकील आपापले कागद उपसत असायचे आणि स्टेनोबाई बोटं मोडत पहिल्या वाक्याची वाट बघत असायच्या. शपथ म्हणजे पंखा सुरू होण्याचा आवाज. कोण कान देतंय!

काकांना हलकं वाटायचं. आपण कोणाला तरी वाचवतोय असं वाटायचं. छापील ओळीपुढे सही मात्र ते करतच राहिले. सही हाताची सवय होती, तिच्यापर्यंत त्यांचा विचार पोचलाच नाही.

असे आठ महिने गेले, आणि मग जिन्याची केस उभी राहिली.

एका वायरमनची बायको तिसऱ्या मजल्यावरून जिन्यात पडून मेली होती. नवऱ्यानं ढकललं असा आरोप होता. पाहणारं माणूस एकच, समोरच्या दारातली आजी. वय ऐंशीच्या घरात, पण ताठ. पिंजऱ्यात चढताना तिनं शिपायाचा हातसुद्धा धरला नाही. काकांनी नेहमीसारखी आखूड शपथ दिली. आजीनं ती म्हटली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं, आजी."

"आणि नाव?"

"सुरू करा, आजी. मॅडम थांबल्यात," काका घाईनं म्हणाले आणि खाली बसले.

आजीनं क्षणभर मॅडमकडे बघितलं, मग वकिलाकडे. मग म्हणाली, "माझं दार उघडं होतं. त्यानं तिला दोन्ही हातांनी ढकललं. मी पाहिलं." उलटतपासणीत वकिलानं तिला तासभर घोळात घ्यायचा प्रयत्न केला, पण ती तसूभरही हलली नाही. वायरमनला सदोष मनुष्यवधाबद्दल दहा वर्षांची शिक्षा लागली. मेलेल्या बाईचा भाऊ, एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करणारा, निकाल ऐकून बाकावरच डोकं टेकून रडला.

आजीला मात्र ती गोष्ट खुपत राहिली. भाजी घेताना, दवाखान्यात नंबर लावून बसली असताना, जो भेटेल त्याला ती सांगायची, "कसलं ते कोर्ट! माझ्याकडून देवाचं नावच घेतलं नाही. मी मागितलं तरी दिलं नाही." बोलता बोलता ते वायरमनच्या वकिलाच्या कानावर गेलं. त्यानं आणखी चार जुने साक्षीदार गाठले, त्यांनाही आठवलं. आणि वरच्या कोर्टात अपील दाखल झालं: साक्षीदाराला शपथच दिलेली नाही, सबब साक्ष रद्द, सबब शिक्षा रद्द.

मॅडमनी काकांना चेंबरमध्ये बोलावलं. दार लोटून घेतलं.

"काका, तुम्ही माझ्या आधीपासून या कोर्टात आहात. वरून खुलासा मागितलाय. मला एवढंच सांगा की हे खोटं आहे."

"खोटं नाही, मॅडम."

मॅडमना वाटलं होतं काका भडकतील. त्या बघतच राहिल्या. मग काकांनी सगळं सांगितलं. ताईची शुक्रवारची बैठक, सुतार, नळ. सांगताना ते त्यांना स्वतःलाच विचित्र ऐकू येत होतं, दुसऱ्याच कोणाची तक्रार वाचून दाखवल्यासारखं.

"अहो, तुमची श्रद्धा होती तर मला सांगायचं," मॅडम म्हणाल्या. "मी दुसऱ्या कोणाला शपथ द्यायला लावलं असतं. पाच मिनिटांचं काम."

"म्हणजे मला जे पाप वाटतं ते दुसऱ्याकडून करवून घेतल्यासारखं झालं असतं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं. मग मी वर बसून ते ऐकते, त्याचं काय? मीही पापात?"

काकांनी हा विचार केला नव्हता. "तुमचं मला माहीत नाही, मॅडम. मला माझंच कळेनासं झालंय."

"काका, तुमच्यामुळे एक खुनी सुटेल कदाचित. हे तरी कळतंय ना?"

"ते कळतंय," काका म्हणाले. तेवढं एकच त्यांना कळत होतं.

घरी बायको इस्त्री करत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधेच इस्त्रीचं बटण बंद केलं.

"अहो, पण विचारायचंत ना सरळ! कुठली घेता, ही का ती. तुमच्या कागदावर दोन्ही आहेत म्हणता."

"विचारलं तर सगळे पहिलीच मागणार."

"मग मागू दे की! ज्याचं तोंड त्याचा देव." तिनं हातातली घडी बाजूला ठेवली. "आणि दिली नाहीत तर सही कशाला केलीत?"

काका इस्त्री केलेल्या शर्टाची बटणं लावायला लागले.

"लोकांचं खोटं वाचवायला गेलात आणि स्वतः रोज खोट्यावर सही ठोकत बसलात. इतके महिने!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "काय माणूस आहात हो तुम्ही."

काकांना तिच्यावर रागावता येईना. तिनं जे म्हटलं त्यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांना फक्त याचं नवल वाटत होतं की इतक्या महिन्यांत हे एकदाही आपल्या डोक्यात आलं नाही.

उरली ताई. तिच्याकडे जाताना काकांना वाटत होतं, ही तरी पाठीशी उभी राहील. ताईनं गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली होती.

"मी तुला असं सांगितलं होतं?" ती म्हणाली. "तू तुझ्या तोंडापुरतं बघायचंस. त्या म्हातारीच्या तोंडातलं नाव काढून घ्यायला तुला कोणी सांगितलं? तिला ते हवं होतं ना?"

"हवं होतं."

"मग?"

"मग मी काय करायला हवं होतं, ताई? तूच सांग."

ताईनं पिशवी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. "नोकरी सोडायला हवी होतीस, असं म्हणणार होते," ती शेवटी म्हणाली. "पण मी चौतीस वर्षं शाळेत काढली. रोज सकाळी मुलांना रांगेत उभं करून 'देवाशपथ खरं बोलेन' असं म्हणवून घ्यायचे. मी कुठं सोडली? निवृत्त झाल्यावर सुचलं मला हे सगळं. पेन्शन सुरू झाल्यावर." आणि ती अशी ओशाळली की काकांनाच वाईट वाटलं. त्यांनी उठून पिशवीत गरम पाणी भरून आणलं.

वरच्या कोर्टानं काकांचा जबाब नोंदवून पाठवायला सांगितलं. तो त्याच दालनात झाला. सव्वीस वर्षांत काका पहिल्यांदा पिंजऱ्यात चढले. तिथून आपलं टेबल इतकं लहान दिसतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या जागी शपथ द्यायला स्टेनोबाई उभ्या राहिल्या. कागद काचेखालून काढताना एका कोपऱ्याला फाटला.

"काका," त्या नियमाप्रमाणे म्हणाल्या, "कुठली घेणार?"

"दुसरी."

कोणी हरकत घेतली नाही, कोणी वर मान करून बघितलंसुद्धा नाही. काकांनी प्रतिज्ञा म्हटली. अर्धं मिनिट. इतकं सोपं होतं ते.

वायरमनचा वकील उभा राहिला. "शपथ दिली नाही, तरी दिली अशी सही केलीत?"

"केली."

"म्हणजे खोटी सही?"

"हो. खोटी."

"शपथ देणं पाप वाटत होतं, तर नोकरी का सोडली नाहीत?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मला हे काम आवडत होतं," ते म्हणाले. हे उत्तर त्यांना स्वतःलाही नवीन होतं. वकिलानं ते उत्तर लिहून घेतलं आणि तो खाली बसला.

दीड महिन्यानं वरच्या कोर्टाचा निकाल आला. अपील फेटाळलं. शपथ देण्यात चूक राहिली म्हणून साक्ष बाद होत नाही, शपथ घेवो न घेवो, साक्षीदार खरं बोलायला बांधलेला असतोच, असा कायदा आहे. वायरमनची शिक्षा कायम. स्टेनोबाईंनी सगळ्यांना चहा मागवला. काकांची खात्यामार्फत चौकशी होऊन नक्कल विभागात बदली झाली, जिथं निकालांच्या प्रती काढून देतात. तेवढ्यावर निभावलं म्हणून जो तो त्यांचं अभिनंदन करत होता.

काका मॅडमना भेटायला गेले. "मॅडम, म्हणजे शपथ दिली काय आणि न दिली काय, फरक काहीच नाही?"

"असं नाही हो ते."

"मग सव्वीस वर्षं मी तिथं उभा राहून काय करत होतो?"

मॅडमनी खांदे उडवले नाहीत, हसल्याही नाहीत. "ते निकालपत्रात लिहिलेलं नाही, काका," त्या म्हणाल्या.

एका रविवारी सकाळी काका आजीची माफी मागायला गेले. जायलाच हवं असं त्यांना वाटत होतं. जिना अरुंद होता, कठडा गंजलेला, आणि तिसऱ्या मजल्याच्या वरच्या पायरीचा टवका उडालेला. काका तिथं जरा थांबले, श्वासही लागला होता. समोरच्या वायरमनच्या दाराला कुलूप. आजीचं दार उघडंच होतं. ती आत चष्मा लावून डाळ निवडत बसली होती.

"या," तिनं लगेच ओळखलं. "नाव खाणारे तुम्हीच ना?"

काकांनी माफी मागितली. आपल्याला ते पाप वाटत होतं, म्हणून असं झालं, हेही सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं आणि ताट बाजूला सारलं.

"तुमचं पाप तुमच्यापाशी. माझं अर्धवट राहिलंय त्याचं काय? आता द्या."

"काय?"

"शपथ. पुरी. नावासकट."

"आजी, मला आता तो अधिकार नाही. आणि हे काही कोर्ट नाही."

"कोर्ट कोणाला हवंय? कोर्टाचं भागलं, मला कळलं ते. माझं भागलेलं नाही. रोज जेवायला बसले की घास अडतो. द्या."

काका उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांना कळलं नाही. "म्हणा," ते म्हणाले. नाव काही केल्या तोंडातून येईना. तेव्हा आजीनंच हात जोडले, डोळे मिटले आणि ते नाव घेतलं, मोठ्यानं, शेजारपाजारी ऐकू जाईल असं. पुढचे शब्द काकांनी सांगितले, तिनं मागून म्हटले. मग डोळे मिटूनच ती बोलायला लागली.

"माझं दार उघडं होतं. सकाळपासून त्यांचं भांडण चालू होतं. ती बाहेर आली, जिना उतरायला लागली. पाठमोरी. तो मागून आला. त्याचा हात तिच्या पाठीपाशी मी पाहिला. एक हात. मग ती खाली गेली."

काका थांबले.

"ढकललं ना त्यानं?"

"हात पाहिला."

"आजी, कोर्टात तुम्ही दोन्ही हात म्हणालात. ढकललं म्हणालात."

आजीनं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर आता ताठपणा नव्हता. "सहा वर्षं दारापलीकडून ऐकलंय मी. रोज मारायचा तिला. माझ्या मनानं त्यानं ढकललंच होतं. तुम्ही नाव घेतलं नाहीत, तर मीही मनातलं सांगितलं. नाव असतं तर डोळ्यांना दिसलं तेवढंच निघालं असतं."

"मग तो हात ढकलायला आला होता की धरायला?"

"मला विचारता?" आजी म्हणाली. "मी तेच तर धरून बसलेय इतके दिवस."

काका जिना उतरून खाली आले आणि रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांनी पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं. बोलायचं नाही म्हटलं तर कोणाचं काय बिघडणार होतं? बायकोला मारणारा माणूस आत होता. मेलेलीच्या भावाला झोप लागत होती. आजीनं देवाजवळ मन मोकळं केलं होतं. आणि बोलायचं म्हटलं तर ते कोणत्या नात्यानं? ते आता शपथ देणारे नव्हते, आणि आजीनं जे सांगितलं ते कोर्टाला सांगितलंच नव्हतं. तिनं ते ज्याला सांगितलं त्याच्या आणि तिच्यामधे आपण पडायचं? पण मग एक माणूस दहा वर्षं आत बसणार, एका हाताच्या जागी दोन हात म्हटले गेले म्हणून. आणि ते का म्हटले गेले, हे या जगात फक्त दोघांना माहीत. ताईला विचारावं असं एकदा मनात आलं. मग नको वाटलं. बायकोला विचारलं तर ती विचारणार, आजीला विचारलंत का आधी? म्हणून काका उठले, पुन्हा तिन्ही मजले चढले आणि दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "आजी, हे मी मॅडमना सांगू?"

आजी डाळीकडे बघत राहिली. "मी सांगू नका म्हटलं, तर?"

"माहीत नाही. तरी सांगेन बहुतेक."

"मग विचारता कशाला?" ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "सांगा. मला परत कोर्टाचे जिने चढायला लावतील, एवढंच."

सोमवारी काकांनी सगळं लिहून मॅडमना दिलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. "हे वाचल्यावर मला ते खणात ठेवता येणार नाही, काका. वर पाठवावंच लागेल," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "हो." मॅडमना आणखी काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं, पण बाहेर पुकारा सुरू झाला होता.

वरच्या कोर्टानं खटला पुन्हा उघडला आणि आजीला बोलावलं. तिथल्या कारकुनानं तिला दोन्ही मजकूर वाचून दाखवले, कुठली घेणार ते विचारलं. तिनं नावासकट घेतली. एक हात पाहिला एवढंच सांगितलं. ढकलून मारल्याचा आरोप टिकला नाही. बायकोला मारहाण केल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातली निम्मी भोगून झालेली होती.

निकालानंतर आठवड्यानं मेलेल्या बाईचा भाऊ नक्कल विभागाच्या खिडकीशी आला. हातात अर्ज. काकांना त्यानं ओळखलं आणि अर्ज पुढं सरकवला. काकांनी प्रत काढली, पानं जुळवली, शिक्के मारले आणि खिडकीतून पुढं केली. भाऊ समोरच्या बाकावर बसून वाचायला लागला. दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवणारा माणूस. पान उलटायची त्याची पद्धत हळुवार होती. शेवटच्या पानावर तो अडला, आणि उठून परत खिडकीशी आला.

"हे काय लिहिलंय? 'संशयाचा फायदा.' म्हणजे काय?"

"म्हणजे काय झालं ते कोर्टाला नक्की कळलं नाही. कळलं नाही की त्याचा फायदा आरोपीला देतात."

"तुम्ही त्या म्हातारीकडे गेला होतात म्हणे. तुम्हाला कळलं?"

"नाही."

"मग गेलात कशाला?"

काकांनी खिडकीची फळी उचलली, बाहेर आले आणि त्याला घेऊन बाकावर बसले. भाऊ उठून गेला नाही. त्यानं कागदांची चळत मांडीवर ठोकून कडा सारख्या केल्या, परत विस्कटल्या, परत सारख्या केल्या.

"ती चांगली होती हो," तो म्हणाला.

"हो," काका म्हणाले, जरी त्यांनी तिला कधी बघितलं नव्हतं.

रांगेतल्या पुढच्या माणसानं खिडकीवर टकटक केलं. काका उठले आणि आत गेले.